एका सेन्सरवर तीन आकडे: सिग्नल स्प्लिटरचा डबा, दीड वर्षानंतर

डबा केवढा, तर जाडीला २२.५ मिलिमीटर आणि उंचीला वीतभरही नाही. काम एकच: एका तापमान सेन्सरचा आकडा दोन ठिकाणी वाटून द्यायचा. पॅनेलमधल्या डिन रेलवर, म्हणजे उपकरणं अडकवायच्या पत्र्याच्या पट्टीवर, टक् करून बसतो. एका बाजूने पीटी-१०० या तापमान सेन्सरच्या तीन वायरी आत घ्यायच्या, दुसऱ्या बाजूने तोच आकडा ४ ते २० मिलिअँप करंटच्या रूपात देणारे दोन स्वतंत्र आउटपुट बाहेर. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यातून थेट मागवला. जीएसटी धरून ५,६६४ रुपये पडले. बिलावर सही करताना आमच्या मालकांनी विचारलं, "एवढ्याशा डबीला साडेपाच हजार? आत काय तूप भरलंय का?" त्या दिवशी हसण्यावारी नेलं. आता दीड वर्ष वापरून झालाय, तेव्हा नीट उत्तर देते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी डेअरीत इन्स्ट्रुमेंट बघते. आयटीआय इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मग दोन वर्षं साखर कारखाना आणि त्यानंतर अठरा वर्षं दूधच. आमचा पाश्चरायझर तासाला ५,००० लिटरचा. दूध ७२ अंशाला १५ सेकंद होल्डिंग ट्यूबमधून जातं आणि त्या ट्यूबच्या शेवटी सेन्सर बसवलेला आहे. तापमान कमी पडलं की कंट्रोलर फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह फिरवतो आणि दूध पुढे न जाता परत बॅलन्स टाकीत येतं. प्लँटवर त्या व्हॉल्व्हला सगळे एफडीव्हीच म्हणतात. कच्चं दूध पाश्चराइज्ड दुधात मिसळू द्यायचं नाही हे काम त्या एका सेन्सरच्या आणि त्या एका व्हॉल्व्हच्या जिवावर चालतं.

एक सेन्सर, एक कंट्रोलर, आम्ही सुखात होतो. मग ऑडिटमध्ये शेरा आला की कागदी चार्टचा जुना रेकॉर्डर काढा, पेपरलेस बसवा. तो आला. त्याच्यामागोमाग मालकांच्या डोक्यात जम्बो डिस्प्ले आला. बाहेरच्या भिंतीवर चार इंची लाल आकडे हवेत, गेटातून आत आलेल्या गाडीवाल्यालाही दिसले पाहिजेत की इथं दूध ७२ ला तापतं. म्हणजे आकडा तीन ठिकाणी हवा आणि सेन्सर एकच.

वायर, लग, डिन रेल असलं सटरफटर आणायला मी पुण्याला तापकीर गल्लीत जाते. तिथल्या एका दुकानात सहज विचारलं, तर शेठ वर न बघता म्हणाले, "मॅडम, पॅरलल मारा की! सगळे मारतात." मला शंका होती. पण परतीच्या एसटीत म्हटलं, करून तर बघू, पाण्यावरच करायचंय.

रविवारी पाश्चरायझर पाण्यावर चालवला. कंट्रोलरच्या टर्मिनलवरून आणखी तीन वायरी काढून रेकॉर्डरला जोडल्या. पाणी ७२ च्या आसपास होतं. रेकॉर्डरने "ओव्हर" दाखवून हात वर केले आणि कंट्रोलर १५५ ते १६० च्या मध्ये नाचायला लागला. ऑपरेटर तात्या शेजारी उभे होते. म्हणाले, "ताई, दीडशे अंश? ह्ये पाणी हाय का भजीचं तेल?"

असं का होतं ते सांगते, कारण हा डबा कशासाठी घ्यायचा ते त्यातच आहे. पीटी-१०० स्वतःहून काही देत नाही. तो एक रेझिस्टन्स आहे, शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५१, आणि ७२ ला १२७.८४. तो मोजायला प्रत्येक मीटर स्वतःच्या खिशातून थोडा करंट त्यातून पाठवतो, कोणी १ मिलिअँप, कोणी पाव, आणि किती व्होल्ट तयार झाले ते बघून ओहम काढतो. दोन मीटर एकदम जोडले की दोघांचे करंट त्याच रेझिस्टन्समधून जातात आणि दोघांनाही बेरजेचे व्होल्ट दिसतात. संकलन केंद्रावर दोन गवळ्यांचं दूध एकाच वेळी काट्यावर ओतलं आणि दोघांनाही पूर्ण वजनाची पावती दिली, तर जे होईल तेच. आमचा कंट्रोलर १ मिलिअँप सोडणारा, रेकॉर्डर पाव मिलिअँपचा. कंट्रोलरला सव्वापट दिसलं, म्हणजे १६० ओहमच्या आसपास, म्हणजे १५७ अंश. गणित बरोबर जुळलं. रेकॉर्डरला पाचपट दिसलं, तो बिचारा काय दाखवणार.

आणि हसण्यासारखं असलं तरी त्यात एक घाबरण्यासारखी गोष्ट होती. कंट्रोलरला १५७ दिसत होतं, त्यामुळे एफडीव्ही फॉरवर्डला, म्हणजे पुढे सोडणारा. खाली पाणी २० अंशाचं असतं तरी कंट्रोलरला दिसणारा आकडा सव्वापट ओहमचाच असता, म्हणजे ९० च्या घरात, आणि व्हॉल्व्ह फॉरवर्डलाच राहिला असता. थर्मोकपल या दुसऱ्या जातीच्या सेन्सरच्या बाबतीत पॅरलल बऱ्याचदा चालून जातं, कारण तो स्वतः व्होल्टेज देतो. शेठनी ते कुठेतरी फर्नेसवर पाहिलं असणार. आरटीडीला, म्हणजे पीटी-१०० सारख्या रेझिस्टन्सच्या सेन्सरला, ते लागू नाही.

मग दुसरा उपाय. आमच्या कंट्रोलरला रीट्रान्समिशन आउटपुट होता. स्वतः वाचलेला आकडा तो ४ ते २० मिलिअँपमध्ये पुढे देतो. फुकटातलं काम, चांगलं चाललं. पण कंट्रोलर बंद केला की रेकॉर्डरचं तापमान शून्याच्या खाली. कॅलिब्रेशनला कंट्रोलर काढला त्या दिवशीचा रेकॉर्ड पाहून ऑडिटर म्हणाले, "तुमच्याकडे दूध उणे २५ अंशाला पाश्चराइज होतं वाटतं." ज्यांना फक्त दोन डिस्प्ले हवेत आणि पहिल्याला हा आउटपुट आहे, त्यांनी मात्र पैसे वाचवावेत आणि पुढचं वाचूही नये.

तिसरा उपाय जवळजवळ जमला होता आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त फिरवलं. सेन्सरच्या डोक्यात टू-वायर ट्रान्समिटर बसवला, ० ते १०० अंशाला ४ ते २० मिलिअँप, आणि कंट्रोलर, रेकॉर्डर, जम्बो तिघांना एकामागोमाग सिरीजमध्ये घेतलं. एकच करंट तिघांतून जातो, त्यामुळे तिघंही तेच वाचतात. ७२ ला १५.५२ मिलिअँप. तिन्ही आकडे दशांशापर्यंत एक. मी मालकांना बोलावून दाखवलं, त्यांनी फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी सीआयपी लागलं, म्हणजे यंत्र न खोलता आतून धुणं. धुण्याचं कॉस्टिक ८० च्या वर जातं. तिन्ही आकडे ७५ ला येऊन थांबले. ट्यूबला हात लावायची सोय नव्हती इतकं तापलेलं आणि भिंतीवर ७५. ट्रान्समिटर खराब म्हणून दुसरा लावला. तोही ७५. सेन्सर बदलला. ७५. रात्री साडेनऊला शेवटी मीटर लावून ट्रान्समिटरच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजले, १२.०. मग दुधाच्या पावतीच्या मागे गणित मांडलं. तिन्ही मीटर २५० ओहमचे, मिळून ७५०. सप्लाय २४ व्होल्टचा. ट्रान्समिटरला जगायला किमान १२ लागतात. उरले १२, भागिले ७५०, म्हणजे १६ मिलिअँप. १६ मिलिअँप म्हणजे बरोबर ७५ अंश. त्याच्यावर करंट ढकलायला व्होल्टच शिल्लक नव्हते. ७२ पर्यंत सगळं छान दिसतं, म्हणून सकाळी फोटो काढण्याइतपत भरवसा वाटला होता.

खरं सांगायचं तर ते सुधारता आलं असतं. २५० च्या जागी १०० ओहमचे रेझिस्टर टाकायचे, मीटरची रेंज त्याप्रमाणे लावायची, झालं. दोन कारणांनी केलं नाही. एक, सिरीजमधला कुठलाही मीटर काढला की साखळी तुटते आणि बाकीचे दोघंही आंधळे होतात. आणि दुसरं, जम्बो बाहेरच्या भिंतीवर आहे, चाळीस मीटर केबलच्या टोकाला, आणि आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. बाहेरून येणारी वीज सरळ कंट्रोलरपर्यंत पोचायला मी रस्ता बांधून देणार नव्हते. त्यात हेही कळलं की आमच्या रेकॉर्डरची आणि पीएलसीची, म्हणजे प्लँट चालवणाऱ्या पॅनेलमधल्या संगणकाची, मायनस आतून अर्थला टेकलेली आहे. दोन ठिकाणी अर्थ झालं की मधल्या मीटरला करंट वळसा घालून जातो आणि तो कमी दाखवतो. कंपनीच्या माणसांना हे तोंडपाठ असतं, आम्हाला मात्र अर्धा दिवस घालवून कळतं.

तर असा मी डब्यावर आले.

या डब्याचं मर्म आयसोलेशनमध्ये आहे. इनपुट, आउटपुट एक, आउटपुट दोन आणि सप्लाय, चारही एकमेकांपासून वेगळे. सेन्सरला करंट पाठवणारा एकटा डबा. पुढे कोण लटकलंय याची सेन्सरला खबरही नाही. कागदावर सगळेच असं लिहितात, म्हणून आल्या आल्या सेन्सरच्या जागी डिकेड बॉक्स, म्हणजे हवे तेवढे ओहम लावता येणारा डबा, लावून तपासलं. १०० ओहमला ४.०१, १२७.८४ ला १५.५३, १३८.५१ ला १९.९९. दुसऱ्या आउटपुटवर फार तर ०.०१ चा फरक. मिलिअँपच्या शंभराव्या भागाला आमच्या रेंजमध्ये ०.०६ अंश, त्यामुळे तक्रार नाही. मग आउटपुट दोन उघडा सोडला, शॉर्ट केला, वायरीने खडखडवला. आउटपुट एक हलला नाही. हे बघून मी डब्याला मनातल्या मनात साडेपाच हजार देऊन टाकले.

सेन्सरसकट तपासायला बर्फ वापरला, डेअरीत त्याला तोटा नाही. बर्फाचा चुरा, थोडं पाणी, थर्मासमध्ये, अर्धा तास ढवळत. ०.१. उकळत्या पाण्याची परीक्षा घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की आमच्या उंचीवर पाणी शंभरला उकळत नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. एका नव्या मुलाने त्यावरून चांगला सेन्सर फेकायला काढला होता.

होमोजिनायझर चालू झाला की पूर्वी कंट्रोलरचा आकडा दोन अंश उडायचा. त्याच्या मोटारीच्या ड्राइव्हचा विद्युत गोंगाट. डबा आल्यावर ते जवळजवळ बंद झालं. पूर्ण श्रेय डब्याचं नाही. केबल बदलताना शिल्ड, म्हणजे वायरींभोवतीची जाळी, एकाच बाजूला अर्थ केली, आधी ती दोन्हीकडे होती, तीही चूक माझ्याच हातची. ट्रान्समिटर काढल्यामुळे सेन्सरपासून पॅनेलपर्यंत आता तीस मीटर तीन वायरी येतात, लाल, लाल, पांढरी. यात कंजूषी करून कोणी दोन वायरीत भागवू नये. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा तीस मीटरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स एक ओहमच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ पावणेतीन अंश फुकटचे वाढीव. दूध ६९ ला आणि आकडा ७२. तिसरी वायर तेवढ्यासाठीच असते, डबा तिच्या मदतीने वायरीचं ओझं वजा करतो.

आता कुरकुर.

पहिल्या दिवशी जोडला आणि रेकॉर्डर वेड्यासारखं दाखवायला लागला. डब्याचा आउटपुट ॲक्टिव्ह, म्हणजे करंट तो स्वतः ढकलतो. आणि रेकॉर्डरच्या चॅनेलवर जुन्या टू-वायर ट्रान्समिटरसाठी २४ व्होल्ट येत होते. दोन बैल समोरासमोर जुंपले. डब्याबरोबर आलेल्या कागदावर हे एका ओळीत लिहिलंय, पण तो कागद हाताच्या पंजाएवढा आणि अक्षरं होमिओपॅथीच्या बाटलीवरची. टर्मिनलचे नंबर डब्यावर कोरलेत, काळ्यावर काळे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाहीत. पॅनेलच्या आत वाकून, तोंडात टेस्टर धरून काम करणाऱ्या माणसाचा विचार करून हा डबा बनवलेला नाही.

दुसरी कुरकुर गंभीर आहे. सुरुवातीला मी कंट्रोलरही या डब्यावरच घेतला होता, आउटपुट एक कंट्रोलरला, दोन रेकॉर्डरला, आणि रेकॉर्डरच्या पुढे जम्बो. पाचव्या की सहाव्या आठवड्यात सीआयपी चालू असताना सेन्सरच्या डोक्यातली एक वायर सुटली. पॅनेलवर आकडा १०५. अलार्म नाही, काही नाही. एफडीव्ही निवांत फॉरवर्डला. आत दूध नव्हतं, कॉस्टिक होतं, म्हणून आज हे लिहिताना हात थरथरत नाहीत.

झालं असं की सेन्सर तुटला की डब्याने कुठला आकडा द्यायचा हे एका छोट्या स्विचवर ठरतं. वर जायचं की खाली. कारखान्यातून तो "वर" लावून आला होता. हीटर किंवा भट्टी असेल तर तेच सुरक्षित, कारण आकडा वर गेला की हीटर बंद होतो. पाश्चरायझरला बरोबर उलटं हवं. आमच्याकडे आकडा खाली पडला पाहिजे, म्हणजे व्हॉल्व्ह दूध मागे फिरवतो आणि जास्तीत जास्त तासभराचं काम वाया जातं. वर गेला तर कच्चं दूध पुढे जातं, आणि ते दुसऱ्या दिवशी लॅबच्या मॅडमना फॉस्फटेज चाचणीत, म्हणजे दूध नीट तापलं का ते बघणाऱ्या चाचणीत, कळतं, तोवर पिशव्या गावोगावी पोचलेल्या असतात.

त्यात डबा "वर" म्हणजे किती वर जातो, तर २०.८ मिलिअँप. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे बिघाडाचा सिग्नल २१ च्या वर किंवा ३.६ च्या खाली असायला हवा आणि २०.५ पर्यंतचा आकडा मोजमापाचा. हा २०.८ मधल्या नो मॅन्स लँडमध्ये. आमच्या कंट्रोलरने तो बिघाड धरलाच नाही, १०५ अंश म्हणून खरा मानला. कारखान्याला फोन केला. उचलणारे गृहस्थ शांत होते. म्हणाले, "ताई, स्विच नंबर चार खाली करा, मग ३.५ ला जातो." केला, वायर उपसून बघितली, ३.५. कंट्रोलर ओरडला, व्हॉल्व्ह फिरला. फोनवर बाजूलाच बसल्यासारखं समजावलं, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी. पण हा स्विच कुठे आहे ते डब्यावर मोठ्या अक्षरांत यायला पाहिजे, कोणीतरी घाबरून फोन करेपर्यंत वाट बघायची गोष्ट नाही ही. कंट्रोलरचा ओव्हररेंज अलार्म लावलेला नव्हता, तो दोष मात्र माझा.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी मी मालकांकडे आणखी पैसे मागायला गेले. म्हटलं, एफडीव्हीचा कंट्रोलर पुन्हा त्याच्या स्वतःच्या सेन्सरवर थेट जाणार, मध्ये काहीही नको. होल्डिंग ट्यूबला शेजारी दुसरा थर्मोवेल, म्हणजे सेन्सर घालायची बंद नळी, मारायचा, त्यात क्लास ए चा, म्हणजे जास्त अचूक प्रतीचा, नवा पीटी-१००, आणि डबा त्याच्यावर. डब्यातून एक आउटपुट रेकॉर्डरला, दुसरा जम्बोला. मालक म्हणाले, "म्हणजे एका सेन्सरवर भागवायला डबा घेतला आणि आता दुसरा सेन्सरही घ्यायचा?" ऐकायला ते तसंच वाटतं. पण डबा जे देतो ते एकमत, आणि एकमत वेगळं, खरं वेगळं. सेन्सरचा आकडाच खऱ्यापासून सरकला तर डब्यावरचे सगळे डिस्प्ले मिळून तेच खोटं सांगतात, तेही दशांशापर्यंत जुळवून. दूध पुढे जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्याच्या घरात त्या सगळ्यांचा शिरकाव नको.

एकाच नळीत दोन एलिमेंट असलेला ड्युप्लेक्स सेन्सर पण मिळतो, सहा वायरींचा. दोन डिस्प्ले असतील आणि डबा नको असेल तर तो चांगला उपाय आहे, स्वस्तही. फक्त दोन आकडे तंतोतंत जुळतील ही अपेक्षा ठेवू नका. क्लास ए ला ७२ अंशावर अधिक-उणे ०.२९ ची मुभा असते, क्लास बी ला ०.६६. दोन एलिमेंट दोन दिशांना गेले तर क्लास बी मध्ये सव्वा अंशाचा फरक कायद्याने बरोबर. आणि नळी वाकली किंवा आत पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जातात.

आता आमच्याकडे कंट्रोलर ७२.१ दाखवत असेल तर जम्बोवर ७२.४ असतं. ०.३ चा फरक एरवी तसाच असतो. मी तो वहीत रोज लिहिते. गेल्या पावसाळ्यात तो हळूहळू ०.९ झाला, तेव्हा नव्या सेन्सरच्या डोक्यात ओल शिरल्याचं सापडलं. सगळे एकाच सेन्सरवर असते तर कळलंच नसतं. जम्बो कंट्रोलरपेक्षा दोन-तीन सेकंद मागे असतो, कारण डब्यात आकड्याची थरथर गाळणारा फिल्टर आहे. तो स्विचने कमी करता येतो, पण मी केला नाही, भिंतीवरचा आकडा शांत बरा. तात्यांना तो फरक खुपतो. त्यांना वाटतं भिंतीवरचा मोठा म्हणजे खरा. दोनदा समजावून झालं, अजून सकाळी पंप चालू करायच्या आधी बाहेर जाऊन मान वर करून बघून येतात.

सर्व्हिसबद्दल. चौदाव्या महिन्यात वळवाच्या पहिल्या पावसात शेजारच्या शेतात वीज पडली. जम्बो गेला आणि डब्याचा आउटपुट दोन गेला. आउटपुट एक, इनपुट, रेकॉर्डर, सेन्सर सगळं ठणठणीत. आयसोलेशनचा अर्थ त्या दिवशी मालकांनाही कळला, मला बोलावं लागलं नाही. वॉरंटी बारा महिन्यांची, ती संपलेली. डबा कुरियरने भोसरीला पाठवला, नऊ दिवसांनी १,१०० रुपयांत दुरुस्त होऊन आला. पण ते नऊ दिवस रेकॉर्डर कशावर चालवायचा? बदली डबा द्यायची त्यांची पद्धत नाही. मी त्या काळात पुन्हा कंट्रोलरचा रीट्रान्समिशन आउटपुट जोडून वेळ मारून नेली. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी दोन डबे घ्यावेत, एक कपाटात. बाहेर जाणाऱ्या केबलला आता सर्ज प्रोटेक्टर लावलाय, तो आधीच लावायला हवा होता.

डबा कोणाला नको तेही सांगते. घरगुती इन्क्युबेटर, पोल्ट्रीचं शेड, द्राक्षाचं छोटं प्रीकूलिंग, अशा ठिकाणी दोन आकडे हवे असतील तर दोन सेन्सर लावा. पीटी-१०० हजाराच्या आत मिळतो, डब्याला पाचपट पैसे का घालायचे? डबा तेव्हाच, जेव्हा दुसरा थर्मोवेल मारायची सोय नाही, किंवा दोन आकड्यांत काडीचाही फरक चालणार नाही, किंवा मीटर वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या अर्थिंगवर आहेत. आमचं शेवटचं कारण होतं. पाचातले गुण द्यायचे तर कामाला साडेचार, कागदाला एक, फोनवरच्या गृहस्थांना पाच.

पुढच्या महिन्यात दुधाच्या सायलोसाठी आणखी एक मागवतेय, तिथे ४ अंशाचा आकडा लॅबलाही हवाय आणि डॉकवरही. या वेळी ऑर्डरच्या मेलमध्येच लिहिलं: रेंज ० ते ५०, आउटपुट दोन्ही ॲक्टिव्ह. बर्नआउट, म्हणजे सेन्सर तुटल्यावर द्यायचा आकडा, मात्र या खेपेला वर, कारण दूध थंड ठेवायच्या टाकीत आकडा खाली पडला तर सगळं गार आहे असं वाटून कोणी ढुंकूनही बघणार नाही. गृहस्थांचा फोन आला, "ताई, मागच्या वेळी तर वर होता म्हणून तुम्ही रागावला होतात." त्यांना दहा मिनिटं लागली पटायला. मग म्हणाले, स्विच लावून वर लाल स्टिकर चिकटवून पाठवतो.